नाखव्याची कॅसेट

शेवंतीचं तेरावं झालं, पाव्हणे आपापल्या गावाला गेले, आणि मी तिची ट्रंक उघडली. सून म्हणाली, "बाबा, मी आवरते ना." तिला म्हटलं, तू लांब हो. आत होतं काय, चार साड्या, आमच्या थोरल्याचं टोपडं, रेशनकार्डाची झेरॉक्स, आणि अगदी तळाला एका ब्लाउजपीसमध्ये गुंडाळलेली कॅसेट. कॅसेटवर लाल शाईत एक्केचाळीस आकडा, साहेबाच्या हातचा. वरच्या कडेला दोन ठिकाणी चिकटपट्टीचे तुकडे, पिवळे पडलेले. ते मी लावलेले होते. ट्रंकेपाशीच खाली बसलो. सुनेला वाटलं चक्कर आली, ती पाणी घेऊन धावली. मी पाचवीपर्यंत शिकलेला माणूस, तीही दोनदा बसून. मला लिहायची सवय नाही आणि गोड बोलायचीही नाही. पण यातली माणसं एकेक करून गेली. मी गेलो की या कॅसेटीत काय आहे आणि काय नाही, हे सांगणारं कोणी उरणार नाही. म्हणून लिहितोय.

तेव्हा मी तेवीस-चोवीस वर्षांचा असेन. लग्न होऊन वर्ष झालेलं. दुबईत रास अल खोरला एका गॅरेजात हेल्पर होतो, एका खोलीत आठ जण, खाटेवर खाट. आमच्या शेजारच्या वाडीतला दत्ताराम माझ्या वरच्या खाटेवर झोपायचा आणि वरूनच मला शिव्या द्यायचा, घोरतोस म्हणून. त्या गॅरेजात एक गोरा आपली जुनी जीप घेऊन यायचा. क्रॅडक त्याचं नाव. साठीचा, लांब नाकाचा, शर्टाच्या खिशाला कायम शाईचा डाग. बाकीचे गोरे गाडी टाकून एसीत जाऊन बसायचे, हा टायरावर बसून सगळ्यांना प्रश्न विचारायचा. तुझं गाव कुठलं, बाप काय करतो, समुद्र घरापासून किती लांब. फोरमन म्हणायचा, "संभाल के, ये सीआयडी है." मी म्हटलं असेना का, आपण काय चोरी केलीय? माझा बाप गलबतावर खलाशी होता. ते सांगितलं तसं त्याने वही मिटली आणि माझ्याकडे नीट बघितलं. "यू ड्राइव्ह?" म्हणाला. म्हटलं, येस सर. लायसन्स तिसऱ्या खेपेला नुकतंच मिळालेलं. महिनाभरात व्हिसा बदलला आणि मी दुबईच्या वर उम्म अल कुवैनला त्याच्या घरी राहायला गेलो, ड्रायव्हर म्हणून, आणि मग स्वयंपाकी म्हणून, आणि मग त्याची जीभ म्हणून.

साहेब आयुष्यभर पेपरासाठी लढाया बघत फिरलेला. बाप कोळशाच्या खाणीतला, हा सोळाव्या वर्षी गावच्या पेपरात लागला, तिथून लंडन, तिथून जगभर. पुढे इतिहासाची पुस्तकं लिहायला लागला. कॉलेजातल्या प्रोफेसरांसाठी नव्हे, साध्या माणसांसाठी. प्रोफेसर लोक त्याला हसायचे, हा गोष्टी सांगतो म्हणायचे. हे सगळं त्याने मला गाडीत सांगितलं. गाडीत तो खूप बोलायचा, घरात अजिबात नाही. त्याने एकदा कुठल्यातरी लढाईत एका बाईची हकीकत छापली. मागाहून लोक म्हणाले अशी बाईच नाही, याने रचली. याच्याकडे पुरावा नव्हता. पेपराने काढून टाकलं, बायकोही गेली. "ती बाई होती, रघू," तो मला म्हणाला, "मी तिच्या घरी जेवलो होतो." तेव्हापासून त्याचा नियम, टेप नाही तर गोष्ट नाही. कोणाशीही बोलायला बसला की आधी तो छोटा टेपरेकॉर्डर मधे ठेवायचा.

टेप झाली की माझं काम सुरू. आताच्या पोरांना ठाऊक नसेल, कॅसेटच्या वरच्या कडेला दोन बारीक प्लॅस्टिकचे दात असतात. ते मोडले की रेकॉर्डिंगचं बटण खाली जात नाही, मग त्यावर दुसरं काही भरता येत नाही. मी स्क्रू ड्रायव्हरने दात पाडायचे, साहेबाने लाल शाईने नंबर घालायचा, आणि कॅसेट कपाटाच्या खणात. मग तो टाइप करायला बसायचा. पहाटेच्या अजानबरोबर त्याच्या टाइपरायटरची खटखट चालू व्हायची. मागच्या बाजूला एसीचं पाणी तुपाच्या रिकाम्या डब्यात टपटपायचं, भरतीला खाडीचं पाणी कुंपणापर्यंत यायचं, आणि मी चहा ठेवायचो. सुरुवातीला तो डब्यातले उकडलेले चवळीसारखे दाणे पावावर घालून खायचा, रोज तेच. मला बघवेना. एक दिवस बाजारातून बांगडे आणले आणि तिरफळं घालून तिखलं केलं. त्याने अख्खं तिरफळ चावलं. जीभ बधिर झाली, डोळे मोठे झाले, मला वाटलं गेली नोकरी. तो पाणी प्याला आणि म्हणाला, "अगेन." मग तिरफळं गावाहून मागवायला लागलो. शुक्रवारी सुट्टी. सकाळी शेअर टॅक्सीने बर दुबईला जायचो, देवळाच्या गल्लीत दर्शन घ्यायचो, फुलवाल्याशी दोन शब्द मराठीत बोलायचो, नावेतून पलीकडे जाऊन परत यायचो. जायचं कुठे नसायचं. पाण्यावर बसायचं म्हणून.

पुस्तक चाललं होतं जुन्या दर्यावर्दी लोकांवर. त्यात आम्हाला बू सैफ सापडला. बू सैफ म्हणजे सैफचा बाप, तिकडे बापाला थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारतात. ऐंशीच्या पुढचा, एका डोळ्यात मोतीबिंदू, पण हात अजून दोरखंडासारखे. जुन्या काळी मुंबईला आणि आमच्या किनाऱ्याला जहाज घेऊन येणारा नाखवा, त्यामुळे हिंदी झकास. मी त्याला जीपने साहेबाच्या घरी घेऊन यायचो. साहेबाला हिंदी येत नव्हती. म्हणून म्हातारा माझ्याशी बोलायचा, मी माझ्या मोडक्या इंग्रजीत साहेबाला सांगायचो, आणि मधे टेप फिरत असायची.

"तुम किधर का?" त्याने पहिल्या दिवशी विचारलं.

"रत्नागिरी साइड, बाबा."

"साइड नहीं. बंदर का नाम बोल."

मी आमच्या खाडीच्या तोंडावरच्या बंदराचं नाव सांगितलं. त्याने हातातला कहव्याचा पेला खाली ठेवला. पुढच्या दोन भेटींत वारे, शिडं, मोती, खजुराच्या राशी असलं सगळं बोलला. चौथ्या भेटीला म्हणाला, आज जे बोलेन ते मी मेल्यावर छापायचं. त्याआधी नाही.

मग सांगितलं. तो तिशीत असताना धाकटा भाऊ हमद त्याच्या जहाजावर होता. आमच्या बंदरात हमदला ताप भरला, शुद्ध यायची-जायची. वारा फिरायला लागलेला. चार दिवस थांबलं तर समुद्र बंद, सगळं जहाज चार महिने अडकणार. त्याने भावाला मोहल्ल्यातल्या एका घरात ठेवलं, आठ दिवसांत येतो म्हणून खोटंच सांगितलं, आणि शीड चढवलं. घरी पोचला तर आई किनाऱ्यावर उभी. "उस को क्या बोलता? जिंदा छोड के आया?" म्हणाला. आईला सांगितलं, हमद वाटेत गेला, नमाज पढून दर्यात सोडला. पुढच्या वर्षी समुद्र मोकळा झाला तसा जाऊन भावाला आणायचा त्याचा विचार होता. पण आणला असता तर आईला काय सांगणार? एकदा मेला म्हटलेला माणूस जिवंत कसा उतरवायचा? म्हणून तो गेला नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. परत त्या बंदरालाच गेला नाही.

आमच्या धक्क्यावर उन्हात कोणीतरी वाट बघत बसलंय असं मला दिसायला लागलं. साहेब विचारतोय, "रघू, व्हॉट डिड ही से? रघू?" तर म्हाताऱ्यानेच माझ्यापुढे सुलेमानी सरकवली. "पहले चाय पी. ठंडा होता है." मी प्यालो, आणि मग सगळं सांगितलं. त्यानंतरही तो पाच-सात मिनिटं बोलला, त्या घरातल्या माणसांची नावं, अंगणातलं झाड, सगळं. निघताना माझा दंड धरला. "तू उधर का है. पूछ के बता, उस का क्या हुआ." मी म्हटलं, इन्शाल्ला बाबा, पूछूंगा. तिकडे सगळे म्हणतात तसं म्हटलं. इन्शाल्ला म्हणजे किती करायचं, हे ज्याचं त्याने ठरवायचं असतं.

आता माझी करणी सांगतो. त्याआधी आमची पद्धत सांगायला हवी, नाहीतर मी चोर होतो असं वाटेल. तिकडे आमच्यासारखी माणसं पत्रं लिहीत नसत, कॅसेट भरत. कोणी सुट्टीला निघाला की त्याच्याकडे द्यायची, तो येताना त्याच कॅसेटीवर घरच्यांचं उत्तर भरून आणायचा. गाण्यांची, भजनांची, कुठलीही जुनी कॅसेट घ्यायची, दात पडलेले असले तर त्या भोकांवर चिकटपट्टी लावायची, की पुन्हा नवी. दत्तारामच्या खोलीत प्रत्येक कॅसेटवर चिकटपट्टी असायची. त्या शुक्रवारी दुपारी दत्तारामचं विमान, तो कंपनीच्या गाडीने वाटेत माझ्याकडे येणार होता, आणि नमाजासाठी दुकानं बंद. साहेब दुबईला गेलेला. मी खण उघडला. वरच एक्केचाळीस नंबर. त्याचं टाइप झालेलं मी डोळ्याने बघितलं होतं, अकरा पानं, टाचणी लावलेली. मला वाटलं, कागदावर आलं ते पक्कं झालं. आता या कॅसेटीचं काय काम? आमच्याकडे कोणी तोंडाने सांगितलेल्याला विचारत नाही. तलाठी, बँक, शाळा, सगळे म्हणतात कागद आण. मी ज्याला मान द्यायचो तो कागद होता, आवाज म्हणजे वारा. चिकटपट्टी लावली आणि बोलायला लागलो.

वीस मिनिटं बोललो. आईचा गुडघा, गोठ्याची कौलं, कलमांना पाणी, कुळकर्णी मास्तरांना नमस्कार. तीन महिन्यांपूर्वी मी सुट्टीला जाऊन आलेलो, शेवंतीला दिवस गेले होते, मला ठाऊक होतं. पण कॅसेट एकट्याने कोणी ऐकत नाही. ओटीवर अख्खी वाडी जमते, म्हातारी माणसं पुढे बसतात. तिथे बायकोचं नाव घ्यायचं म्हणजे चारचौघांत अंगचटीला गेल्यासारखं. "घरात सगळ्यांनी तब्येतीला जपा," एवढं म्हटलं. त्या सगळ्यांत ती आली, असं माझ्या मनाचं. बू सैफच्या भावाची चौकशी करायची तर आठवणच झाली नाही. त्याच्याच आवाजावर बोलत होतो आणि आठवण झाली नाही.

तिसऱ्या आठवड्यात बू सैफ वारला. आम्ही मयतीला गेलो. परत आल्यावर साहेबाने ती अकरा पानं लंडनच्या एका पेपराला पाठवली, पुस्तकाआधी एक प्रकरण म्हणून. छापून आलं. आणि एक दिवस सकाळी पांढऱ्या गाडीतून सैफ आला. सरकारी कचेरीत मोठ्या हुद्द्यावर असलेला माणूस, अंगातल्या लांब पांढऱ्या कंदुऱ्याला कडक इस्त्री. चहाला नको म्हणाला, बसलाही नाही.

"माय अंकल डाइड ॲट सी," म्हणाला. "माय फादर प्रेड ओव्हर हिम. तू माझ्या बापाला भावाचा खुनी केलंस, आणि तो मेल्यावर केलंस."

साहेब शांत होता. "माझ्याकडे त्यांचा आवाज आहे. तुम्हीच ऐका." आणि कपाटाकडे गेला.

मी दारात ट्रे घेऊन उभा. चाळीस, बेचाळीस. चाळीस, बेचाळीस. साहेबाचं बोट तिथेच मागेपुढे होत होतं. सैफ म्हणाला, "खलास. मला कळलं." आणि निघून गेला. दोन दिवसांत लंडनहून फॅक्स. सैफने तिकडे कळवलं होतं, आणि पेपरवाल्यांना टेप हवी होती. त्यांचा हिंदी जाणणारा माणूस ऐकणार होता. साहेबाने घर उलटंपालटं केलं. बिछाना उचलला, फ्रीज उघडून बघितला, जीपच्या सीटा काढल्या. मी त्याला शोधायला मदत करत होतो. हे मी लिहितोय, कारण लपवून काय करू? तीन दिवस मी त्याच्याबरोबर गुडघ्यावर बसून पलंगाखाली बघत होतो. खरं सांगितलं की व्हिसा रद्द, गावाला परत, तिथे ना गलबत, ना गॅरेज, घरी बायको पोटुशी. तिसऱ्या दिवशी दुपारी तो स्वयंपाकघरात आला, खुर्चीत बसला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "पुन्हा तेच, रघू." त्या बाईचं म्हणत होता, जिच्या घरी तो जेवला होता.

मी मासा साफ करत होतो. सुरी ठेवली. "सर, कॅसेट इज इन माय व्हिलेज."

आधी त्याला वाटलं मी विकली. मग मी चिकटपट्टी, दत्ताराम, सगळं सांगितलं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने फक्त विचारलं, "ऑल ऑफ इट?"

"ट्वेंटी मिनिट, सर. रेस्ट मस्ट बी देअर."

ते उरलेलं आम्ही दोघांनी पकडून ठेवलं. मूळ गोष्ट पुसली गेली असली तरी म्हाताऱ्याचं मागचं बोलणं शिल्लक असेल, त्यात भावाचं नाव, त्या घराचं नाव असेल. तेवढं पुरेल, साहेब म्हणाला. गावाला तार केली, कॅसेटीवर काही भरू नका. तार आमच्या वाडीत आठवड्याने पोचते, हे मला माहीत होतं. ते मी साहेबाला सांगितलं नाही.

दत्तारामला घ्यायला आम्ही दोघं विमानतळावर गेलो. तो ढकलगाडी घेऊन बाहेर आला, साहेबाला बघितलं आणि मोठ्याने हसला. "काय रे भावा, बायकोचा आवाज ऐकायला गोऱ्याला पण घेऊन आलास?"

"कॅसेट दे."

"देतो रे, आंबोशीच्या खाली आहे. वहिनीने स्वतः आणून दिली. म्हणाली, पूर्ण भरलीय बोलून."

साहेबाने विचारलं, काय म्हणाला? मी म्हटलं, नथिंग, सर.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या नमाजानंतर साहेबाने सैफला बोलावलं. मी आधी एकट्याने ऐकतो म्हणालो होतो, पण साहेब म्हणाला, नाही, जे आहे ते तिघांनी एकदम ऐकायचं, म्हणजे कोणी म्हणायला नको. सैफ आला आणि या खेपेला बसला. मी बटण दाबलं. आधी माझा आवाज, कौलं, गुडघा, मास्तर. वीस मिनिटं दोघं ते ऐकत बसले, आणि मी माझाच मूर्खपणा ऐकत होतो. मग खट्ट झालं. खरखर. आणि बू सैफ बोलला, अगदी खोलीत बसल्यासारखा. "पहले चाय पी. ठंडा होता है." माझी पेला उचलल्याची किणकिण. पुन्हा खट्ट.

"अहो, ऐकताय ना?"

शेवंती. साहेबाने डोळे मिटले. त्याला शब्द कळला नाही, पण बाईचा आवाज म्हणजे काय ते कळलं. सैफ मात्र टेपरेकॉर्डरकडे बघत होता. बापाचं ते एक वाक्य त्याच्या तोंडावर तसंच राहिलेलं. "बंद मत करो," तो म्हणाला. "ये क्या बोलती है?" मी एकेक वाक्य ऐकून सांगायला लागलो, त्याला हिंदीत, साहेबाला इंग्रजीत.

"सगळी काजूच्या बागेत गेलीयेत म्हणून बोलते. तुमचं बोलणं संपलं तशी सगळी उठली. मी बटण बंद नाही केलं. म्हटलं, तुम्ही परत बोलाल. तर तो म्हातारा बोलायला लागला. पहिल्यांदा काही कळेना, मग परत लावली. तुमचं चार वेळा ऐकलं आणि त्याचं सात वेळा. तो हमद हमद म्हणून विचारतोय. त्याला कोणी सांगणार आहे की नाही? मग मीच गेले बंदरावर. मोहल्ल्यात हमीदाबी म्हणून म्हातारी आहे, तिच्याच घरात तो होता. तापाने मेला नाही तो. चार वर्षं राहिला. जाळी विणायचा. समुद्र मोकळा झाला की रोज धक्क्यावर जाऊन बसायचा. मग गेला. उंडीच्या झाडाखाली कबर आहे, नुसते दोन दगड. मी विचारलं, भावावर रागावलेला का? हमीदाबी म्हणाली, बाई, आम्हाला त्याची भाषा कुठे कळायची? मी फूल ठेवलं. त्यांच्यात चालतं की नाही माहीत नाही. म्हाताऱ्याला सांगा तेवढं. त्याच्या बोलण्यावरच मी बोलतेय, जागा दुसरी नाही, रागावू नका म्हणावं."

हे सगळं मी सांगितलं. सैफचे हात मांडीवर होते, ते हलले नाहीत. टेप फिरतच होती आणि मी पुढचं वाक्य सांगायला तोंड उघडलं.

"आणि एक सांगते. बंदरावर गेले होते ती दवाखान्यात म्हणून. पोटातलं राहिलं नाही. आईंनी बजावलंय तुम्हाला कळवू नको, परमुलखात आहात. पण कोणाशी बोलू? तुम्ही कॅसेटीत विचारलंत ना, कलमांना पाणी घालता का म्हणून. घालते."

मी थांबलो. साहेब म्हणाला, "रघू?" त्याच खोलीत, तशाच स्वरात. सैफने हात लांब करून बटण बंद केलं. "क्या बोली?"

"घर की बात है."

सैफ उठला, किटलीतली सुलेमानी पेल्यात ओतली आणि माझ्यापुढे सरकवली. मी त्याच्याकडे बघितलं नाही. प्यालो.

मग सैफ मलाच बोलला, साहेबाला नाही. "इस को बोल, ये सच है. मगर मैं लिख के नहीं दूंगा. मेरी दादी मर गई, उस को दर्या में सोया हुआ मालूम है. वैसा ही रहेगा." आणि तो गेला. राहिलो आम्ही दोघं. साहेबाने बराच वेळ टेपरेकॉर्डरवर हात ठेवला होता. ही कॅसेट लंडनला पाठवली, शेवंतीचं बोलणं कोणाकडून तिथे इंग्रजीत करून घेतलं, तर त्याचं नाव वाचेल. गावातली एक बाई, जी या कोणाला ओळखत नाही, ती आपणहून कबर शोधून काढते. याहून मोठा पुरावा कुठला? हे त्याने मला समजावून सांगितलं. आणि विचारलं, "मे आय सेंड इट?" मला विचारलं. त्याला विचारायची गरज नव्हती, मी त्याचा नोकर होतो, कॅसेट त्याची होती, गुन्हा माझा होता.

मी म्हटलं, "नो, सर." तिचं ते बोलणं मी चार भिंतींच्या बाहेर जाऊ देणार नव्हतो. मी तिला कॅसेटीत नावानेसुद्धा विचारलं नव्हतं, आणि आता लंडनात कोणी अनोळखी माणूस कानाला यंत्र लावून तिचं ऐकणार? त्याने एकदा मान हलवली, कॅसेट काढली आणि माझ्या हातात दिली. पुढच्या सुट्टीत ती मी शेवंतीला परत दिली. पेपरात चार ओळींची माफी छापून आली. त्यांनी त्याला पुन्हा काम दिलं नाही. पुस्तक निघालं, बारातली अकरा प्रकरणं. मी बरोबर केलं की त्याचं वाटोळं केलं, हे मला इतक्या वर्षांत ठरवता आलेलं नाही. शेवंती असेपर्यंत विचारायचो. ती म्हणायची, "तुम्ही मला विचारायचं होतंत. मी म्हटलं असतं, पाठवा." हे ऐकलं की मला जेवण जायचं नाही.

साहेबाने मला काढलं नाही. त्यानंतर दोन वर्षं मी त्याच्याकडे होतो, तिखलं करत होतो, गाडी चालवत होतो. फक्त गाडीत तो बोलेनासा झाला, आणि कॅसेटींचे दात तो स्वतः पाडायला लागला. मग आपल्या देशात गेला आणि तिथे वारला, सैफने कळवलं. सैफ एका हिवाळ्यात आमच्या गावाला येऊन गेला, मी तेव्हा आखातातच होतो. शेवंती त्याला उंडीच्या झाडाखाली घेऊन गेली. त्याने दोन दगडांना हात लावला, घरी आला, ओटीवर मांडी घालून भात जेवला. काय बोलला, मी तिला फोनवर विचारलं. म्हणाली, "काही नाही. परत वाढू का विचारलं, तर हो म्हणाला."

आता शेजारच्या इलेक्ट्रिकवाल्याकडून एक जुना टेपरेकॉर्डर दुरुस्त करून आणलाय. तीन दिवस तो टेबलावर नुसता पडून होता. आज लावला. माझा आवाज आला तसा पुढे ढकलला, मला ते ऐकायचं नव्हतं. थोडा जास्तच पुढे गेला, मग मागे आणला. म्हातारा म्हणाला, पहले चाय पी. मी टेप थांबवली, उठून खरंच चहा केला. परत येऊन बटण दाबलं.

"अहो, ऐकताय ना?"

ऐकतोय, म्हटलं. सून दारात येऊन उभी राहिली, तिला म्हटलं, ये, बस. शेवटपर्यंत ऐकलं, कलमांपर्यंत. मग कॅसेट बाहेर काढली आणि नखाने त्या दोन चिकटपट्ट्या सोडवल्या. पिवळ्या, कडक झालेल्या, तुकड्यातुकड्याने निघाल्या. आता त्यावर कोणाला काही भरता येणार नाही, मलाही नाही.